अकराशे सदतीस कार्डं आणि एक कात्री

कात्रीबाई,

कोशाची नवी आवृत्ती निघते आहे आणि प्रकाशकाला पुस्तकाच्या शेवटी तुझ्यावर चार पानं हवी आहेत. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "माझ्यावर काय लिहायचं ताई? मी कोपरे कापत होते," आणि फोन ठेवून दिलास. म्हणून मी बसले लिहायला. तुलाच उद्देशून लिहिते, कारण तिऱ्हाइतासाठी लिहायला घेतलं की माझी भाषा कडक इस्त्री केल्यासारखी होते, आणि तसं काही तुझ्यावर लिहिलं तर तू ते माझ्यादेखत फाडशील. वाचणाऱ्यांनी खुशाल आपल्या खांद्यावरून डोकावावं.

तू आमच्या कचेरीत आलीस ती खुर्च्यांना खोळी शिवायला. तिसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या, आणि त्या तिन्हींना जोडणारा एक लांबलचक पॅसेज, ज्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. आम्ही इंग्रजी क्रियापदांचा कोश करत होतो. नामं नाहीत, विशेषणं नाहीत, फक्त क्रियापदं. माणसं एखादं क्रियापद खरोखर कसं वापरतात त्याची वाक्यं पुस्तकांतून, कारखान्यांतून, दवाखान्यांतून गोळा करायची, पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर एकेक उतरवायची आणि खाली आपल्या भाषेत अर्थ लिहायचा. मी संपादक. एम.ए., पहिला वर्ग, आणि त्याचा ताठा मानेत.

त्या दिवशी माझ्या टेबलावर 'ड्रॉ' या क्रियापदाचं एक कार्ड पडलं होतं. वाक्य धाग्याबद्दल होतं. खाली मी लिहिलं होतं, 'सुईत धागा ओवणे'. तू गळ्यात टेप, टेपला लटकवलेली कात्री, तोंडात दोन टाचण्या, अशी माझ्या खुर्चीचं माप घ्यायला वाकलीस आणि टाचण्या न काढताच म्हणालीस, "हे ओवणं नाही हो."

"मग काय आहे?"

"धागा काढणं. थांबा."

तू खोळीचं कापड माझ्या कागदांवरच पसरलंस, टाचणीने एक आडवा धागा उचकटलास, दोन बोटांत धरून हळूहळू ओढत अख्खा बाहेर काढलास. कापडावर केसाएवढी सरळ रेघ उमटली. मग त्या रेघेवरून कात्री अशी धावली की मी श्वास रोखून बघत राहिले. "धागा काढल्याशिवाय मी कधी सरळ कापत नाही," तू म्हणालीस. "तुमच्यात काय, अंदाजाने कापतात?"

ते क्रियापद मी कॉलेजात दहा वर्षं शिकवलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या पहिल्या तारखेला तू आमच्याकडे नोकरीला होतीस. इंग्रजी मॅट्रिकपुरतं, नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर, घरी तू आणि तुझ्या सासूबाई. कचेरीतल्या पदवीधरांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा.

कोपऱ्यांची पद्धत तुझीच. जे काम कोणीतरी हातापायांनी, अंगाने करून दाखवू शकतं, त्या कार्डाचा उजवा वरचा कोपरा नखाएवढा कापायचा. जे नुसतं मनात किंवा बोलण्यात होतं, त्याचा कोपरा शाबूत. विहिरीतून पाणी काढलं, कोपरा कापला. निष्कर्ष काढला, कोपरा शाबूत. आणि तुझी अट अशी, की ते काम करणाऱ्याने स्वतः करून दाखवल्याशिवाय कात्री चालवायची नाही. त्यासाठी तू कुठे कुठे गेलीस! तारेच्या कारखान्यात, दंतवैद्याकडे, भट्टीवर, गोदीत. पिशवीत कार्डं, गळ्यात कात्री. एका गोदीवाल्याने तुला झडतीसाठी अडवलं तर तू त्याच्याकडूनच दोन वाक्यं घेऊन आलीस. 'ड्रॉ' ची कार्डं जमवायला तुला सात वर्षं लागली. एकूण अकराशे सदतीस. गठ्ठा बाजूने पाहिला की कापलेले नि न कापलेले कोपरे डोळ्यांना लगेच दिसायचे, आणि तू नुसता अंगठा फिरवून सांगायचीस, "इथून कामाची, इथून बोलायची."

मग समितीचं पत्र आलं. अनुदान देणारी मंडळी कंटाळली होती. अकरा वर्षं झाली, छापलेलं एक पान नाही. दहा दिवसांनी, सोमवारी आम्ही येऊ, एक क्रियापद अथपासून इतिपर्यंत लावून दाखवा, नाहीतर कोश बंद आणि कार्डं तळघरात. मला काय, मी पुन्हा कॉलेजात शिकवायला गेले असते. पण तुला पदवीशिवाय दुसऱ्या कुठल्या कोशात कोणी उभंही केलं नसतं. "पुन्हा खोळी शिवेन," तू हसत म्हणालीस, आणि मग दिवसभर कात्रीला धार लावत बसलीस.

'ड्रॉ' दाखवायचं ठरलं. आणि इथे मी माझी अक्कल चालवली.

समितीवर छाप पडावी म्हणून मी पोलादी कपाट मागवलं होतं. चकचकीत, बत्तीस खणांचं. कपाट आलं नि पाहते तर कार्डं अर्ध्या इंचाने उंच! खण मिटेना. अध्यक्षांसमोर अर्धवट उघडे खण? छे! कार्डाच्या वरच्या पट्टीत नुसतं क्रियापदाचं नाव, बाकी कोरं. मी तळमजल्यावरच्या बाइंडरला बोलावलं आणि म्हटलं, "वरून अर्धा इंच उडवा. सगळ्यांचा. संध्याकाळच्या आत." तू त्या दिवशी भट्टीवर गेली होतीस. मी ती कार्डं सात वर्षं वाचली होती गं, हाताळली मात्र तू होतीस. कोपरे माझ्या ध्यानातच आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाइंडरदादा गठ्ठे घेऊन आले. गरीब, नेटका माणूस, नखांत कायम सरस. "बघा ताई, कशी धार आलीय."

तू एक कार्ड उपसलंस. अंगठा वर उजवीकडे नेलास. दुसरं उपसलंस. तिसरं. मग म्हणालीस, "कोपरे कुठे आहेत?"

बाइंडरदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"पट्ट्या तरी?"

"लगद्याला गेल्या सकाळी."

"कोणी सांगितलं कापायला?"

"मी," मी म्हटलं.

तू ओरडशील असं वाटलं होतं. तू खाली फरशीवर बसलीस आणि फक्त म्हणालीस, "आठ दिवस उरले."

मी आपली लगेच बाह्या सरसावल्या. म्हटलं, वाचून वाचून लावते, एका दुपारचं काम! दोनशे कार्डं लावलीही. तू माझा ढीग घेऊन बसलीस आणि एकेक कार्ड माझ्या मांडीवर टाकत गेलीस. "हे चूक. हे चूक. हे पण." एकतीस चुका! एका कार्डावर तीनच शब्द होते: इट ड्रॉज वेल. मी ते चित्र काढण्याच्या पेनात घातलं होतं.

"चिमणी आहे ती," तू म्हणालीस. "धूर छान ओढते. भट्टीवाल्याने मला आत डोकं घालायला लावलं होतं."

"आणि त्याच्या खालचं? तेही तेच वाक्य आहे."

"तो चहा. मुरतो छान."

मी पेन खाली ठेवलं.

पण तुलाही अकराशे कशी आठवणार? मग तू ठरवलंस: पुन्हा करूनच बघायचं. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचं, खोलीतल्या कोणाला ते हाताने, अंगाने करून दाखवता आलं की कोपरा कापायचा. माणसं जमवली. बाइंडरदादा आपण होऊन आले, दुकानाचं दार लोटून. गच्चीवरची टाकी दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला तू जिन्यात अडवलंस. आणि तुझ्या सासूबाई! घरी एकट्या ठेवता येत नव्हत्या, गुडघे गेलेले. बाइंडर आणि प्लंबरने त्यांना तू शिवलेल्या खोळीच्या खुर्चीवर बसवून तीन मजले उचलून आणलं. एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या. पॅसेजमध्ये खुर्ची टेकताच म्हणाल्या, "धूळ किती ही! कोण आहे इथलं मुख्य?"

"मी," मी म्हटलं.

"वाटलंच."

आणि मग जे सुरू झालं! आयुष्यात इतकी मजा मला पुन्हा आली नाही. तू खुर्चीच्या हातावर बसून वाचायचीस आणि सगळे तुटून पडायचे.

"रक्त काढलं," तू वाचलंस.

"बाही वर कर," सासूबाई प्लंबरला म्हणाल्या.

"आजी, मी टाकी दुरुस्त करायला आलोय. मला नका दुरुस्त करू."

"घाबरतोस काय, सुई नाही माझ्याकडे. नुसती शीर दाखवते. ही बघ. शाबास. काप गं सूनबाई."

कच् करून कोपरा उडायचा. उपसलेली तलवार आली तेव्हा प्लंबरने पाना उपसला. पडदा आला तेव्हा मी उठून पडदा ओढला, आणि तो दांडीसकट खाली आला. पान बांधून पू ओढलेलं गळू, ताणलेलं धनुष्य, कारखान्यातली तार, दंतवैद्याची दाढ. ओढणं, काढणं, उपसणं, खेचणं, रेखणं, ताणणं: एका इंग्रजी शब्दाला आपल्याकडे डझनभर शब्द, आणि प्रत्येकाला निराळा हात लागतो! हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं.

"चेहरा ओढलेला," तू वाचलंस.

"हा बोलायचा," मी म्हटलं. "चेहरा कोणी ओढत नाही."

बाइंडरदादा हळूच म्हणाले, "चामडं ओलं करून पुठ्ठ्यावर ओढतो ना ताई, कोपऱ्यांवर? वाळलं की अस्सं दिसतं. बायको माहेरी गेली की मीही तसाच दिसतो."

"म्हणजे कापायचा की नाही?" तू कात्री वर धरलेली.

"अर्धा काप," प्लंबर म्हणाला.

तिथेच गाडी अडली. तिसऱ्या दिवसापर्यंत अशी अर्धी कार्डं दोनशेच्या वर गेली. लांब श्वास घेतला. प्लंबर म्हणे, श्वास काय हाताने ओढतात? सासूबाई म्हणत, नाक काय अंगाबाहेर असतं? जत्था खेचून आणला, आता जत्थ्याला दोरी बांधली होती का? सामना ड्रॉ झाला: प्लंबरचं म्हणणं, दोन्ही बाजूंनी दोर ओढला आणि कोणी हललं नाही तर दुसरं काय म्हणायचं? व्युत्पत्ती म्हणून ही शुद्ध थाप होती, मी तसं सांगितलंही. पण ते दोघे उठून टॉवेलची दोन टोकं धरून ओढायला लागले, आणि ते खरोखरच ड्रॉ झालं, त्याला मी काय करणार? बुधवारी संध्याकाळी तू नि मी 'पगार उचलला' यावरून इतक्या कडाकडा भांडलो की तू कात्री गळ्यातून काढून टेबलावर ठेवलीस. पूर्वी कधी ठेवली नव्हतीस.

"दोन ढिगांत मावतच नाहीयेत ही," तू म्हणालीस. तुझा आवाज फाटला. "सात वर्षं मी चुकीचं कापत होते."

सासूबाई डुलकी काढत होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "ताप आहे की नाही, एवढंच विचारत बसलात तर रोगी मरेल. किती आहे ते बघतात. मापायला नळी असते, तिच्यावर खुणा असतात. एकच रेघ, खालपासून वरपर्यंत."

तू पॅसेजकडे पाहिलंस. एवढा लांब, बिनकामाचा पॅसेज! तू कार्डांचा गठ्ठा उचललास, पळत त्या टोकाला गेलीस, आणि भिंतीपाशी, अगदी पहिलं म्हणून, धाग्याचं कार्ड ठेवलंस. "हे सगळ्यांत हाताचं!" तू तिथून ओरडलीस. "ताई, सगळ्यांत मनाचं कुठलं?"

"निष्कर्ष!" मी ओरडले.

"त्या दाराशी ठेवा! बाकीची मधे!"

गुरुवार ते रविवार, चार दिवस आम्ही गुडघ्यांवर होतो. सेहेचाळिसाव्या वर्षी मी फरशीवरून रांगत होते आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती. धाग्यापासून दोर, दोरापासून पडदा, पडद्यापासून श्वास, श्वासापासून चेहरा, चेहऱ्यापासून गर्दी, गर्दीपासून लक्ष वेधणं, तिथून निष्कर्ष. कुठेही तुटत नव्हतं! प्रत्येक कार्डाला डावीकडे एक शेजारी सापडायचा ज्याच्याकडून ते थोडंसं काही घेत होतं. एखादं कार्ड मधे चपखल बसलं की आम्ही ओरडायचो. झाडूवाली फडकं घेऊन आली तर प्लंबरने इमारतीचं पाणीच बंद केलं. चार दिवस फरशी पुसली गेली नाही, आणि बेसिनमध्येही थेंब नाही, याबद्दल दुसऱ्या मजल्यावरचे वकील अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सोमवार उजाडला तेव्हा एकही ओळ टाइप झालेली नव्हती.

पावणेअकराला समिती आली. पाच जण, पुढे अध्यक्ष, चकाकते बूट. त्यांनी आधी पोलादी कपाट पाहिलं, एक खण ओढला. रिकामा. दुसरा ओढला. रिकामा. सगळे खण मात्र अगदी छान मिटत होते.

"कोश कुठे आहे?" अध्यक्षांनी मला विचारलं.

मी उगाच एक उघडा खण मिटला. आणि तू, धूळ लागलेले केस, चार दिवस न धुतलेली साडी, गळ्यात कात्री, पॅसेजच्या तोंडाशी उभी राहून म्हणालीस, "साहेब, बूट काढा."

"काय?"

"खाली आहे. बूट घालून नाही जाता येणार."

मला वाटलं, संपलं. पण त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने वाकून पहिलं कार्ड वाचलं, आणि ते बुटांची नाडी सोडायला लागले. मग बाकीच्यांना उभं राहणं अवघड झालं. पाच मोठी माणसं मोज्यांवर, एकामागून एक, वाकून वाचत निघाली. चिमणीपाशी कोणीतरी हसलं. श्वासापाशी शांत झाले. अध्यक्ष सगळ्यांच्या मागे होते, हात पाठीशी बांधून, दहा कार्डं सोडून एक वाचत. गर्दीच्या आसपास ते थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे आले. आणि हळूच, एका गुडघ्यावर बसून, त्यांनी एक कार्ड उचलून चार जागा अलीकडे ठेवलं.

"तिथे नाही साहेब," प्लंबर म्हणाला.

"का नाही?"

"ग्राहकाला दुकानात खेचणं आणि पोराला बाजारातून ओढून आणणं एक आहे का? पोराचा हात धरलेला असतो."

"पण ग्राहकाच्याही बाहीला धरतात!" अध्यक्ष म्हणाले. "मी दुकानदाराचाच मुलगा आहे, मला सांगता?"

"मग धरून दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

आणि अध्यक्षांनी प्लंबरची बाही धरली! कात्रीबाई, तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. ते भांडायला लागले होते. जो माणूस कार्डाच्या जागेवरून भांडतो तो ती कार्डं तळघरात टाकत नाही. साडेबारापर्यंत पाचही जण फरशीवर होते. त्यांनी कोश तीन वर्षं चालू ठेवला, पुढे आणखी सहा, आणि छापला तो रांगेच्याच पद्धतीने. पहिल्या पानावर माझं नाव संपादक म्हणून, त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, तुझं.

इथेच थांबले असते तर चार पानं गोड झाली असती. पण निघताना जे झालं ते तू कोणालाही सांगत नाहीस, म्हणून मी सांगते.

बूट चढवताना अध्यक्षांनी विचारलं, "ही रांगेची युक्ती सुचली कशी?" तू म्हणालीस, कोपरे कापले गेले म्हणून. "कोणी कापले?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तू आधी बोललीस: "बाइंडरकडून चुकून जास्त कापलं गेलं साहेब." माझी लाज राखायला. बाइंडरदादा तिथेच उभे होते, हातात चहाचा कप. त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "हो साहेब. चूक झाली." अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली, "जरा बघून कापत जा हो!" सगळे हसले. बाइंडरदादाही हसले. मीही हसले.

तीन वर्षांनी पहिला खंड छापून झाला तेव्हा बांधणीचं काम समितीने दुसऱ्या दुकानाला दिलं. तिथे कोणाच्या तरी लक्षात होतं की आमचा माणूस कापताना चुकतो.

ते कळलं त्या दिवशी तू कचेरीत येऊन दार लावून घेतलंस. आधी त्यांच्याकडे जायचं, त्यांच्या तोंडावर खरं सांगायचं, मग त्यांना घेऊन अध्यक्षांकडे. मंगळवारी जाऊ, आपण ठरवलं. तेव्हा त्यांनी आमच्या तळमजल्यावरचं दुकान सोडून नदीपलीकडे घेतलं होतं. मंगळवारी तुझ्या सासूबाईंच्या डोळ्यांचा डॉक्टर निघाला. पुढच्या मंगळवारी माझी मुद्रितं. मग तुझा नवरा जहाजावरून आला. एकदा मात्र आपण गेलो, आठवतं? पूल ओलांडून, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. दुकान उघडं होतं. ते पाठमोरे उभे राहून यंत्राचं चाक फिरवत होते. आत दोन गिऱ्हाइकं होती.

"आत्ता नको," तू म्हणालीस, "माणसं आहेत. गुरुवारी येऊ."

मी म्हटलं, "हो, गुरुवारी बरं पडेल."